नऊ बाय सतरा

९ मार्च

बाबा,

तुमच्या पत्राच्या शेवटी पुन्हा तेच, की मी हाती घेतलेलं एकही काम तडीस नेत नाही. सातवी सोडली ती सोडली. तिला आता पंधरा वर्षं झाली. दर पत्रात तुम्ही सातवी काढता, जशी काही ती माझी लग्नाची बायको होती आणि मी तिला टाकून आलो. छापखाना सोडला कारण मालकाचा हात चालायचा. बेकरी सोडली कारण पिठाने दम लागायचा. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. तुमचं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणत नाही, पण खरं असलं म्हणून माणसाने रोज उगाळायचं का?

फोन करत नाही म्हणूनही बोललात. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. मी इथून ओरडतो तेव्हा मागे रांगेत उभे असलेले माझ्या तोंडाकडे बघतात. कागदावर ओरडलेलं बरं, फक्त तुम्हालाच ऐकू येतं.

आता कामाचं. इथल्या मोठ्या गॅरेजात मेकॅनिक म्हणून तीन वर्षं काढली. दुसऱ्याच्या छपराखाली आता नको वाटतं. थंडी सुरू झाली की मी येतो, कायमचा. घराला लागून ती खोली आहे ना, आपली गाडी उभी असते ती, तिथंच माझं गॅरेज काढायचं. एका वेळी एक गाडी. एवढ्याशा जागेत काय करणार म्हणून लोक हसतील, हसू देत. पण आल्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू व्हायचं असेल तर खोली आधी तयार पाहिजे, आणि ती तयार करणारा तुमच्याशिवाय दुसरा माणूस मला दिसत नाही. तुम्ही बत्तीस वर्षं ऑफिसचं भांडार सांभाळलंत. टाचणीसुद्धा तुमच्या सहीशिवाय हलली नाही.

खोली माझ्या आठवणीने नऊ बाय सतरा फूट आहे. गाडी मधोमध उभी करू नका, भिंतीला चिकटवून लावा, म्हणजे एका बाजूला माणूस वाकून काम करू शकेल. समोरच्या भिंतीला कामाचं बाक पाहिजे, पण बिजागरीचं, काम झालं की भिंतीला उभं मिटणारं. दिवा छताला नको. बॉनेट उघडलं की छतावरच्या दिव्याची सावली नेमकी इंजिनावर पडते. दोन ट्यूबलाइट घ्या, दोन्ही बाजूच्या भिंतींवर, खांद्याच्या उंचीला. छतापासून दोरीला एक चेंडू टांगा. गाडी आत घेताना चेंडू काचेला टेकला की थांबायचं, नाहीतर बाक मोडेल. वाळूची एक बादली दाराशी.

मागच्या सुट्टीला मी इथल्या गॅरेजच्या मागच्या पटांगणात खडूने नऊ बाय सतराचा चौकोन काढला. बाक कुठं, फळ्या कुठं, सगळं आखलं. मग आत जाऊन उभा राहिलो. वॉचमन आला आणि म्हणाला, हे काय, कोणाला पुरायचंय का? मी म्हटलं, नाही, मला राहायचंय. तो गेल्यावरही मी बराच वेळ तिथं होतो. खोलीवर जाऊन करणार काय? माझ्या खाटेवर दिवसा रात्रपाळीवाला झोपतो. त्याला मी कधी पाहिलेलं नाही. संध्याकाळी गेलो की गादी गरम असते, एवढीच आमची ओळख.

लवकर कळवा.

तुमचा मुलगा

२० मार्च

चिरंजीवास आशीर्वाद.

पत्र मिळाले. मी सातवी काढणार नाही असे ठरवून लिहायला बसलो आहे. बघू कुठवर जमते.

खोली मोजली. पुढे नऊ फूट, मागे आठ फूट दहा इंच, कारण भिंतीला पोट आले आहे. लांबी सतरा फूट बरोबर. म्हणजे तुझी आठवण चांगली आहे, ती शाळेत कुठे गेली होती कोण जाणे. (हे शेवटचे.) गाडी चार फूट आठ इंच रुंद, अकरा फूट लांब. मध्ये उभी केली तर दोन्हीकडे दोन-सव्वादोन फूट सुटतात, म्हणजे दोन्हीकडे काही उपयोगाचे नाहीत. डावीकडे सहा इंच सोडून लावली तर उजवीकडे पावणेचार फुटांहून थोडी जास्त जागा मिळते. तुझे म्हणणे बरोबर निघाले. ते मी डायरीत तारखेसह लिहून ठेवले आहे.

सुतार बोलावला. तो म्हणाला, मिटणारे बाक डुगडुगते. मी म्हणालो, तू बनवलेले डुगडुगत असेल. त्यानंतर त्याने मन लावून केले. माझ्या पासष्ट किलोंसह मी त्यावर उभा राहून पाहिले. खाली शेजारच्या शिवणवाल्या मावशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, उतरा आता, बाक पास झालं, तुम्ही नापास व्हाल."

हत्यारांसाठी एक मोठी फळी उजव्या भिंतीवर ठोकली आहे. प्रत्येक पाना, पक्कड, हातोडी फळीवर ठेवून तिच्याभोवती पेन्सिलने रेघ मारली आणि आतला भाग निळा रंगवला. हत्यार जागेवर नसले की त्याची निळी आकृती दिसते. त्यामुळे काय हरवले हे विचारावे लागत नाही. प्रत्येकाला क्रमांक दिला आहे. ऑफिसात असे करावे म्हणून मी तीन वेळा अर्ज केला होता. कुणी वाचलाही नाही.

दोन प्रश्न आहेत. जुने टायर आणि स्टेपनी कुठे ठेवायची? आणि इंजिन तपासायचे झाल्यास सुरुवात कुठून करतात? मला वेळ आहे, शिकून ठेवीन म्हणतो.

दाराजवळ मी एक खुर्ची ठेवली आहे.

बाबा

२ एप्रिल

बाबा,

निळ्या आकृत्यांचं मी इथं पोरांना सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. इथं दहा नंबरचा पाना शोधण्यात अर्धा दिवस जातो आणि उरलेला अर्धा दिवस तो कोणी नेला यावरून भांडण्यात. पण क्रमांक कशाला? पान्यावर त्याचा नंबर आधीच कोरलेला असतो. आता दहा नंबरच्या पान्याला तुमचा सतरावा क्रमांक लागला तर मी दहा मागू की सतरा? ते क्रमांक पुसा.

खुर्ची काढा. पावणेचार फुटांत खुर्ची ठेवली तर मी कुठं वळू? गॅरेजमध्ये कोणी बसत नसतं.

टायरचं सांगतो, नीट लिहून घ्या. टायर आडवे एकावर एक रचून ठेवायचे नाहीत, खालच्याचा आकार बसतो. रिम नसलेला असेल तर उभा ठेवायचा आणि महिन्याने थोडा फिरवायचा, नाहीतर एका जागी चपटा होतो. रिमसकट असेल तर मात्र आडवा चालतो. समोरच्या भिंतीवर, बाकाच्या बाजूला, कमरेच्या वर, दोन लोखंडी पट्ट्या कोन करून ठोका, त्यावर चार चाकं मावतील, खाली तेलाचे डबे. टायरला ऊन लागता कामा नये आणि तेलही. चाक काढताना नट आधी जमिनीवर असतानाच ढिले करायचे आणि मग जॅक लावायचा, उलटं केलं तर चाक हवेत फिरत राहतं आणि तुम्ही त्याच्याभोवती. परत बसवताना नट कधीही शेजारशेजारचे आवळायचे नाहीत. एक वरचा, मग त्याच्या समोरचा, मग बाजूचा. सगळे थोडे थोडे, आणि शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावर. हे चुकलं तर चाक वाकडं बसतं आणि पन्नासच्या वर गाडी थरथरते. गिऱ्हाईक म्हणतं इंजिन थरथरतंय. इंजिन कुठलं, कोणीतरी आळसाने नट आवळलेले असतात. मला लांबून आवाजावरून कळतं कुठल्या चाकाचं बिनसलंय. सगळ्या गॅरेजात मला एकट्याला. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. लोखंडी घोड्या मिळतात, गाडीच्या पोटाखाली त्या लावल्याशिवाय पायाचा अंगठासुद्धा आत घालू नका. हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

इंजिनाचं मी आल्यावर बघू.

तुमचा मुलगा

१४ एप्रिल

चिरंजीवास आशीर्वाद.

चाकांसाठी पट्ट्या ठोकल्या. घोड्या दोन आणल्या. क्रमांक पुसले, पण डायरीत आहेत. तेवढे मला असू दे.

खुर्ची काढलेली नाही. गॅरेजमध्ये कोणी बसत नाही असे तू लिहिलेस. मी बसतो. घरात चार खोल्या आहेत आणि तिथे बसायला काही कारण लागत नाही, म्हणूनच बसवत नाही. इथे निदान काम चालू आहे असे वाटते. तू येशील त्या दिवशी खुर्ची मी स्वतः उचलून घरात नेईन.

रोज सकाळी बॉनेट उघडून सगळे बघतो. आज असे आढळले की ब्रेकच्या तेलाची जी छोटी डबी असते तिच्यातले तेल खालच्या रेघेच्याही खाली गेले आहे. माझ्याकडे इंजिनचे तेल अर्धा डबा उरले आहे, अगदी नवे, सीलबंद असताना मीच फोडलेले. तेच त्यात घालू का? कोपऱ्यावर भिंतीच्या सावलीत ते मिस्त्री गाड्या दुरुस्त करतात, त्यांना विचारणार होतो. पण स्वतःचा मुलगा मेकॅनिक असताना दुसऱ्याला विचारायला जाणे बरे दिसत नाही. मी त्यांना तुझ्या गॅरेजबद्दल सांगितले आहे. ते म्हणाले, "मोठ्या गॅरेजात तीन वर्षं म्हणजे पोरगा तयार असणार. मला जागा नाही, त्याला हात आहेत, बघा जमलं तर."

तू लिहिशील तसे करीन.

बाबा

२५ एप्रिल

बाबा,

घाईत लिहितोय. चाकांची गर्दी आहे, सुट्टीचे दिवस आले की सगळ्यांना गावाला जायचं असतं.

उरलेलं तेल आहे तर तेच घाला, नवं आणायची गरज नाही. डबी वरच्या रेघेपर्यंत भरा. त्यात विचारायचं काय?

मिस्त्रींना सांगा, थंडीत भेटू. खुर्ची राहू दे. पण दारातून थोडी आत सरकवा, वाऱ्यात बसू नका.

तुमचा मुलगा

३० मे

चिरंजीवास आशीर्वाद.

बऱ्याच दिवसांत लिहिले नाही. विशेष काही नाही. इथे उकाडा फार आहे. गाडी सध्या उभी ठेवली आहे, कुठे जायचेही नसते. गेटाचे थोडे काम काढले होते, गवंडी येऊन गेला. प्रकृती ठीक. बाकाची एक बिजागरी बदलावी लागली. तुझी पत्रे सगळी जपून आहेत.

तब्येतीला जप. त्या रात्रपाळीवाल्याला एखादी चिठ्ठी लिहून ठेव. गादी एक आहे तर ओळख असावी.

बाबा

११ जून

बाबा,

गाडीला हात लावू नका. हे पत्र पोचेपर्यंत तुम्ही बाहेर काढलीत तर, म्हणून मी फोनही केला, ते पुढे लिहितो.

परवा एक पांढरी गाडी दोरीने ओढत आणली. ब्रेक लागत नव्हते. मी तिची चाकं काढून दिली, तेवढंच माझं काम. आमच्या हेडमिस्त्रींनी ब्रेकची डबी उघडली, आत बोट बुडवलं, अंगठ्यावर घासून पाहिलं आणि गाडीच्या मालकाला विचारलं, "यात काय ओतलंत?"

मालक म्हणाला, "तेल."

"कुठलं?"

"इंजिनचं. थोडं उरलं होतं घरात."

हेडमिस्त्री ओरडले नाहीत. ते ओरडतात तेव्हा गंभीर काही नसतं. हळू आवाजात म्हणाले, "साहेब, ब्रेकच्या तेलाला तेल म्हणतात नुसतं. हे वेगळं, ते वेगळं. इंजिनच्या तेलाने आतली सगळी रबरं फुगतात, भिजवलेल्या हरभऱ्यासारखी. चार दिवस ब्रेक लागतात, पाचव्या दिवशी पाय जातो तो खालीच. कुणी सांगितलं हे घालायला?"

"ओळखीतला एक मेकॅनिक आहे."

"त्याला आणा एकदा इकडे. त्याचे हात बघू."

सगळे हसले. मीही हसलो. हसून झाल्यावर मला तुमची ती डबी आठवली, खालच्या रेघेच्या खाली गेलेली.

तसाच उठून शिवणवाल्या मावशींना फोन केला, तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून. मी म्हटलं, बाबांना सांगा गाडी काढू नका. त्या म्हणाल्या, "आता काय काढणार रे? गेटाचा खांब पाडला की त्यांनी महिन्यापूर्वी. आत घेताना थांबलीच नाही, खांब घेऊन थेट त्या तुमच्या बाकावर. छातीला मुका मार होता, पंधरा दिवस उशीला टेकून बसून झोपायचे. तुला कळवते म्हटलं तर मलाच दटावलं. त्याचं काम बिघडेल म्हणाले."

मी फोन ठेवला आणि तुमचं तीस मेचं पत्र काढलं.

तुम्ही लिहिलंत, बिजागरी बदलावी लागली.

आता माझं लिहितो, एकदाच, मोडतोड न करता. मी मेकॅनिक नाही. तीन वर्षं मी टायरखात्यात आहे. चाकं काढतो, पंक्चर काढतो, चाकं लावतो. इंजिनाचा एक स्क्रूही मी कधी फिरवलेला नाही. बॉनेटच्या दिव्याची सावली, मिटणारं बाक, दोरीचा चेंडू, हे सगळं दुसऱ्यांचं काम चालू असताना लांबून बघितलेलं. पहिल्या पत्रात मेकॅनिक लिहिलं कारण टायरवाला लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बघ, इथंही अर्ध्यातच. मग ते लिहिलेलं तसंच राहिलं. थंडीत आल्यावर आपलं आपण शिकून घेईन असं वाटत होतं. चार गाड्या बिघडतील, पाचवी जमेल. त्या चारांत आपलीच पहिली असेल आणि आत तुम्ही असाल हे डोक्यात आलं नाही.

तेलाचं मला माहीत नव्हतं. विचारायला हेडमिस्त्री दहा पावलांवर होते. विचारलं असतं तर त्यांना कळलं असतं की मला माहीत नाही. म्हणून 'त्यात विचारायचं काय' असं वर तुम्हालाच लिहिलं.

रागावून लिहा. सातवी काढा, काहीही काढा.

तुमचा मुलगा

२२ जून

चिरंजीवास आशीर्वाद.

मावशींना मी सांगितले होते की बोलू नका. त्या एक महिना गप्प राहिल्या हेच त्यांच्या दृष्टीने फार झाले.

गाडी वेगात नव्हती. गेटाशी वळताना मी पाय दाबला, पाय खालीच गेला, खांब पडला, आणि आत चेंडू काचेवरून टपावर गेला. त्या वेळी मला फक्त एवढेच वाटले की बाक मोडले तर तू बोलशील. मार आता दुखत नाही. खोकलो तरच.

मिस्त्रींनी गाडी बघितली आणि विचारले, हे तेल कुणी घालायला सांगितले? मी म्हणालो, माझेच डोके. ते म्हणाले, "भाऊ, घरात मेकॅनिक असताना एक पत्र टाकून विचारायचं होतंत." तुझे पत्र तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात होते. मी म्हणालो, हो, चुकले.

नंतर झोप येत नसे म्हणून तुझी पत्रे तारखेवार लावून वाचली. तीन वर्षांची, एकूण अठ्ठावीस. टायरवर नऊ पाने भरतात. इंजिनवर चार ओळी. मी आयुष्यभर माल पुरवणाऱ्यांची पत्रे वाचली आहेत. ज्याच्याकडे जो माल असतो त्याबद्दल तो भरभरून लिहितो. नसलेल्या मालाबद्दल 'आल्यावर बघू' असे लिहितो. हे मला पहिल्याच वर्षी दिसायला हवे होते. पण मुलाची पत्रे कोणी तशी वाचत नाही.

म्हणजे तू सांगण्याआधीच मला कळले होते. वाईट टायरचे वाटले नाही. नट समोरासमोरचे आवळावेत हे तू जसे लिहिलेस तसे मला बत्तीस वर्षांत माझ्या कामाबद्दल लिहिता आले नसते. वाईट याचे वाटले की 'माहीत नाही' एवढे दोन शब्द तू मला लिहू शकला नाहीस. मग माझ्या डायरीत मी तुला लिहिलेल्या पत्रांच्या नकला असतात त्या काढल्या. तीही अठ्ठावीसच, त्यांपैकी तेवीस पत्रांत सातवी आहे. त्यानंतर मी तुझ्यावर रागावलो नाही.

आता असे कर. थंडीची वाट बघू नकोस, निघून ये. मिस्त्रींकडे शीक, ते नाही म्हणणार नाहीत. खोली तयार आहे. खांब नवा झाला, बाक दुरुस्त झाले, ब्रेकची आतली रबरे मिस्त्रींनी सगळी बदलली. संध्याकाळी मी दोन्ही ट्यूब लावून बसतो. फळीवर सगळी हत्यारे जागेवर असतात. एकही निळी आकृती दिसत नाही, कारण कोणी काही वापरतच नाही.

बाबा

८ जुलै

बाबा,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी खोलीवर गेलो. पहिल्यांदाच दिवसा गेलो. रात्रपाळीवाला झोपला होता. पांढरे केस, बाबा, तुमच्याएवढा असेल. मला वाटत होतं माझ्यासारखाच कोणीतरी पोरगा असेल. पायाशी बसून तुमचं पत्र वाचलं, तो उठला नाही.

निघून ये म्हणालात. बॅग भरायला दहा मिनिटं लागतात, मला सवय आहे. भरलीही. मग काढून ठेवली. सांगतो का ते.

तुम्ही मिस्त्रींपुढे चूक आपल्या अंगावर घेतलीत. आता मी येऊन त्यांच्या हाताखाली बसलो तर पहिल्याच दिवशी त्यांना कळेल, पोराला पाना धरता येत नाही आणि भाऊ खोटं बोलले. कोपऱ्यावर तुमचं एवढंच एक खोटं आहे. ते उघडं पडायला नको. आणि दुसरं असं की आता आलो तर हेही काम मधेच सोडून आलो असं होईल. तुम्ही म्हणणार नाही, मला ठाऊक आहे, आता तर कधीच म्हणणार नाही. पण मलाच ऐकू येईल.

हेडमिस्त्रींकडे गेलो. म्हटलं, तो पांढऱ्या गाडीवाल्याचा मेकॅनिक सापडला का? ते म्हणाले, नाही. मी म्हटलं, तो नाही, पण तसाच दुसरा सापडलाय, आणि दोन्ही हात पुढे केले. त्यांना सगळं सांगितलं, खांब, बाक, तुमची छाती. ते हात पुसत ऐकत होते. म्हणाले, "बाप बरा आहे का आता?" मी हो म्हटलं. म्हणाले, "तीन वर्षं माझ्यापासून दहा पावलांवर उभा होतास. तोंडाला काय झालं होतं?"

मग म्हणाले, "टायरखात्यात तुला पूर्ण पगार आहे. माझ्याकडे यायचं तर शिकाऊ म्हणून, पहिल्या पायरीपासून, पोरांच्या बरोबरीने. दोन वर्षं. मधे पळालास तर परत दारात उभा करणार नाही." मी म्हटलं, पळून पळून इथवर आलोय, यापुढे रस्ता नाही. ते हसले नाहीत. एक डबा पुढे सरकवला. त्यात ब्रेकची सुटी रबरं होती, शंभरेक. म्हणाले, चांगली एकीकडे कर, फुगलेली एकीकडे, बोटाने ओळखायची. चार दिवस तेच करतोय. काल एक मला ओळखता आलं नाही. उचलून त्यांच्याकडे नेलं आणि म्हटलं, हे माहीत नाही. तुम्ही म्हणता तसे दोनच शब्द आहेत, पण तोंडातून बाहेर पडेपर्यंत कान तापले.

तेव्हा थंडीत मी येत नाही. पुढच्या थंडीतही नाही. त्याच्या पुढच्या. तुम्हाला हे आवडणार नाही आणि मलाही आवडत नाही. इथं पोरं सतरा-अठराची आहेत, मला काका म्हणतात. दुपारी त्यांचा घोळका एकीकडे बसतो, टायरवाले दुसरीकडे. मी दोन्हीकडचा नाही, भिंतीशी बसून जेवतो.

खोली तशी बंद ठेवू नका. मिस्त्री उन्हातान्हात भिंतीच्या सावलीला काम करतात. त्यांना म्हणा, आत या, बाक आहे, दिवे आहेत. भाडं घेऊ नका. फळीवरची हत्यारं वापरू दे, जागेवर ठेवायला मात्र तुम्ही सांगाल, आणि तुमच्यासारखं दुसरं कोणी सांगू शकत नाही. संध्याकाळी दोन माणसं असतील तिथं. त्यांना इंजिनाचं काही विचारलंत तर मलाही लिहा, मी तपासून सांगणार नाही, फक्त वाचीन.

आता पैशांचं. दर महिन्याला मी चार हजार पाठवत होतो, ते यापुढे येणार नाहीत. औषधाला आणि गवंड्याला लागले असतील, तुम्ही लिहिलं नाहीत, मीही विचारत बसत नाही. शिकाऊला महिन्याच्या सुरुवातीलाच मिळतं, त्यातून खाट आणि जेवण वजा केलं. या महिन्याचे उरले ते सगळे पाठवतोय, सहाशे चाळीस.